सोमवारचा सदरा

गुरुवार, २ जानेवारी २०२५. घोडेगाव

ही वही बियाण्यांच्या कंपनीची आहे. दर पानाखाली कोबीचा गड्डा छापलाय. आत्मचरित्र टाईप करून संपलं, दोनशे चौदा पानं, आणि हाताला काम राहिलं नाही, म्हणून आजपासून हिच्यात लिहिणार. हात रिकामे राहिले की मी कचेरीसमोरच्या लोकांशी भांडतो.

सव्वीस वर्षं तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसलोय. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं. शाळा नववीपर्यंत. टायपिंग, कायद्याची भाषा, संगणक, सगळं स्वतःचं स्वतः. माझ्या हातच्या कागदात चतुःसीमा चुकली म्हणून एकही पक्षकार परत आलेला नाही. वकीलसुद्धा मसुदा दाखवायला येतात, हे इथं लिहून ठेवायला हरकत नाही.

दुपारी पुण्याहून हर्षालीबाईंचा फोन. प्रकाशनसंस्थेत संपादक आहेत, वय फार तर तीस. म्हणाल्या, “सर, पुस्तक पंचवीस तारखेला छपाईला देतोय. ‘विकाऊ’ हे पहिलं प्रकरण वाचून आमच्याकडच्या दोघीजणी रडल्या. पुस्तकाचं नावही तेच ठेवू.”

मी म्हटलं, ठेवा.

“फक्त एक आहे सर. धोंडाबाई हयात आहेत ना? खरं नाव आहे, खरं गाव आहे. त्यांचं संमतीपत्र लागेल. नाहीतर नाव बदलू.”

नाव बदलायचं? गट नंबर बदललेला सातबारा चालतो का? मी म्हटलं संमतीपत्र आणतो.

मसुदा अर्ध्या तासात तयार केला. शेवटची ओळ नेहमीची: सदर मजकूर मला वाचून दाखविला, तो मी ऐकून समजून घेतला व मला मान्य आहे. ओळ टाईप झाल्यावर हात तसेच कळांवर राहिले. माझा नेम आहे, वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. आंधळी म्हातारी असो, घाईतला पुढारी असो. सव्वीस वर्षांत मोडलेला नाही.

म्हणजे धोंडाबाईंना त्यांच्या तोंडावर ते प्रकरण वाचून दाखवायचं.

शनिवार, ४ जानेवारी

प्रकरण पहिलं पुन्हा तपासलं. मजकूर थोडक्यात असा.

पुण्याच्या मुलांच्या संस्थेतून मला पाचव्या वर्षी आळ्याला रखमाजी आणि धोंडाबाई यांच्याकडे संगोपनासाठी दिलं. दत्तक नाही. सांभाळायला. त्यांना स्वतःचा मुलगा होता, सुभाष, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दर सोमवारी पहाटे धोंडाबाई मला घासून आंघोळ घालीत, डोक्याला तेल चोपडीत, पिवळा सदरा चढवीत आणि बेल्ह्याच्या बाजाराला नेत. तिथं बैलांच्या ओळीच्या कडेला एक दगड होता. त्यावर बसवून म्हणत, “हितनं हालायचं न्हाई.” शेजारी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून खोंडं उभी केलेली. माणसं त्यांचे दात बघायची, मग माझ्याकडे बघायची. दुपार टळेस्तोवर मी तिथं. कुणी घेतलं नाही की परत घरी.

अशी सहा वर्षं.

सदरा तोच. मी वाढलो की चारी बाजूंनी पिवळ्याच कापडाच्या पट्ट्या जोडायच्या. शेवटी शेवटी सदरा कमी आणि पट्ट्याच जास्त. बाकीचे सहा दिवस सुभाषचे जुने कपडे चालत, सोमवारी मात्र तोच. नवा नाही. एकदा मी त्यांना आई म्हणालो तर कामाचे हात थांबवून म्हणाल्या, “आई म्हनू नगं. मावशी म्हन.” तेव्हापासून तोंडाने मावशी. कागदावर धोंडाबाई.

अकराव्या वर्षी मी सदरा अंगावरून टरकावला आणि येत नाही म्हणालो. त्यांनी मारलं नाही. त्या दिवशी जेवल्याही नाहीत. पुढं मी लिहिलंय, “माल हातचा गेला होता.” हे वाक्य सोळा वेळा बदलून तिथं आणलंय. हर्षालीबाईंनी त्याखाली रेघ मारून पान परत पाठवलं.

एकच तपशील पक्का नाही. दगड बाजाराच्या गेटाच्या डाव्या हाताला की उजव्या? डावा लिहिलाय.

मंगळवार, ७ जानेवारी

काल आळ्याला जायचं होतं. गेलो नाही. गाडी पंक्चर.

बुधवार, ८ जानेवारी

गाडी पंक्चर नव्हती.

शुक्रवार, १० जानेवारी. आळ्याहून परत आल्यावर

मीटरप्रमाणे त्रेपन्न किलोमीटर. मंचरला थांबलो, नारायणगावला थांबलो, आळेफाट्यावर दोनदा थांबलो. एवढा चहा मी पित नाही.

पोचलो तर अंगणात निम्मं गाव. सुभाषच्या उसात तोड चालू होती, त्यात बिबट्याची दोन पिल्लं निघाली. मांजराएवढी, अजून नीट चालता न येणारी. टोळी कोयते टाकून बांधावर बसलेली. वन खात्याचे दोघे आले होते, त्यांनी पिल्लं प्लॅस्टिकच्या क्रेटात ठेवली होती. मला वाटलं, नेतील जुन्नरच्या बिबट्या केंद्रात. तर क्रेट परत जिथं पिल्लं निघाली तिथंच, त्याच सरीत ठेवायचा म्हणाले. संध्याकाळी सगळ्यांनी लांब व्हायचं, आई येऊन घेऊन जाते.

सुभाष वैतागलेला. “सया, तूच लिव्ह एक अर्ज. माझा ऊस वाळतोय आन हे पाळना बांधून बसल्यात.”

“कुणाच्या नावे लिहू? बिबट्याच्या?” मी म्हटलं. टोळीतल्या बाया हसल्या.

धोंडाबाई पडवीत खुर्चीवर. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेत, कान आणि डोळे शाबूत. मला बघून म्हणाल्या, “वाळलास. हाटेलातलं खातोस का?” मी नाही म्हटलं. “मंग सोताच्या हातचं खात आसशील. ते त्याहून वाईट.”

त्यांनी वन खात्याच्या माणसाला जवळ बोलावलं. “आन आज न्हाई आली तर रं?”

“आजी, मग उद्या परत तिथंच ठेवायचं.”

“आन उद्या न्हाई आली?”

“चार-पाच दिवस बघतो आम्ही.”

“चार-पाच दिसांत काय व्हतंय,” धोंडाबाई म्हणाल्या आणि उसाकडे बघत राहिल्या. मग, “जागा मातर हालवू नगा. आय आली तर तिथंच हुडकती.”

बाई फार बोलत नाहीत, आज बोलल्या. बिबट्याचं कौतुक म्हाताऱ्या माणसांना असतंच.

पिशवीतून कागद काढायला गेलो तर नूतनवहिनी, सुभाषची बायको, स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “भावजी, काय काढायचंय ते आज नका काढू. घरात आधीच बिबट्या हाय.” कागद परत पिशवीत.

रविवार, १२ जानेवारी

सुभाषचा फोन. परवा संध्याकाळी आई आली आणि एकच पिल्लू नेलं. एका वेळी तोंडात एकच मावतं. दुसरं काल परत तिथंच ठेवलं, काल सांजच्याला तेही नेलं. वन खात्याच्या कॅमेऱ्यात सापडलंय. धोंडाबाईंना फोनवर दाखवलं, त्यांनी तीनदा बघितलं आणि म्हणाल्या, “घेतलं बाई.” सुभाषचा ऊस उद्यापासून सुरू.

पुस्तकाला तेरा दिवस उरले.

गुरुवार, १६ जानेवारी

वाचून दाखवलं.

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन गेलो होतो, रिकाम्या हातानं ते काम करवेना. पडवीत धोंडाबाई लसूण सोलत होत्या. नूतनवहिनी समोर बसल्या. मी उभ्यानं वाचतो, कचेरीत असतो तसा. सतरा मिनिटं लागली. ‘माल हातचा गेला होता’ला आवाज खाली जाऊ दिला नाही.

वहिनी उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला, मग आतूनच, “लई चांगलं पांग फेडलं, भावजी.”

“नूतन, तू गप,” धोंडाबाई म्हणाल्या. लसणाची पाकळी हातात धरून बसल्या होत्या. मी वाट बघत होतो की आता रडतील, नाहीतर शिव्या घालतील. दोन्हीची तयारी करून गेलो होतो, उत्तरंही मनात मांडून नेली होती.

त्या म्हणाल्या, “सा वर्सं न्हाई. सात.”

“काय?”

“सात वर्सं बसवला तुला. आन पट्ट्या चार बाजूंनी नव्हत्या. तीन. गळ्याला मी कदी हात लावला न्हाई. गळा तसाच ठिवला व्हता.” मग सूप बाजूला सारून, “सही कुठं करू? अंगठा न्हाई करायची मी. सही येती मला.”

माझा हात पुढं गेला नाही. पेन खिशात होतं. म्हटलं, “मावशी, हे सगळं तुम्हाला मान्य आहे?”

“तुला तसं वाटलं ना? मंग तसंच आसंल. पोराला जे वाटतं ते काय मी खोडायचं?”

“पण कशाला बसवायचात मला तिथं?” आवाज चढला. मी पक्षकारापुढं आवाज चढवत नाही. “सांगा की! कशाला बसवायचा व्हता?” तोंडून ‘व्हता’ गेलं.

त्यांनी सूप परत मांडीवर ओढलं. “सांगितलं आसतं तर तू बी वाट बघत बसला आसतास. एकटीनं बघनं पुरं व्हतं.”

“कुणाची वाट?”

“जा आता. ऊन हाय तवर पोच घोडेगावला.”

सही न घेता आलो. येताना रागानं गाडी चालवली, हे मान्य करतो. सत्तावीस मिनिटांत नारायणगाव.

शुक्रवार, १७ जानेवारी

सहा की सात. सकाळपासून तेवढंच.

जुनी पिशवी काढली. मी सहा वर्षं शाळेच्या दाखल्यावरून मोजली होती. दाखला एक वर्ष उशिराचा निघाला. संस्थेच्या कागदावर आळ्याला पाठवल्याची तारीख जून १९८२. सदरा फाडला ते वर्ष १९८९, पाडवा झाल्यावर. सहा वर्षं दहा महिने. सात. आणि तेव्हा माझं वय अकरा नाही, बारा. म्हातारीनं चूक काढली आणि मी काढू शकलो नाही.

संस्थेचा कागद पूर्ण वाचला, शंभरदा वाचलाय तरी. नाव: सयाजी (मुलाने स्वतः सांगितले). अंदाजे वय: चार. मिळाल्याचे ठिकाण: ता. जुन्नर. झालं, एवढंच. अख्खा तालुका! हा रकाना भरणारा कारकून माझ्या हाताखाली असता तर त्याला मी चारी दिशा विचारल्या असत्या. सोबतचे सामान: नाही. अंगावर: पिवळा सदरा एक.

सदऱ्याची ही नोंद मला पहिल्यापासून माहीत आहे. पुस्तकात पान अकरावर आहे. संस्थेनं दिलेलाच सदरा पुरवून पुरवून वापरला, असा अर्थ मी लावला होता.

पण मग गळा का ठेवला तसाच? वाढत्या पोराला आधी गळा तंग होतो. कापड वाचवायचं असतं तर पहिली पट्टी गळ्याला लागली असती.

कागद परत पिशवीत घातला नाही. टेबलावरच आहे. जेवलो नाही.

शनिवार, १८ जानेवारी

एका पक्षकाराचं नाव प्रतिज्ञापत्रात दोनदा चुकलं. त्यानंच दाखवलं. पाणी पिऊन आलो. टेबलाभोवती फिरत राहिलो. शेजारचा स्टॅम्पवाला म्हणाला, “बसा की राव, बैल बांधल्यासारखं काय फिरताय.”

सोमवार, २० जानेवारी. बेल्हे

दगड अजून आहे. गेटाच्या उजव्या हाताला. मी डावा लिहिला होता.

साडेआठला पोचलो. टेम्पोतून खोंडं उतरत होती. जुन्या खुणा बहुतेक गेल्या, पण दगडाच्या शेजारी दोर, कासरे, घुंगरमाळा मांडून एक म्हातारा बसला होता, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. मी दगडाजवळ उभा राहून पावलं मोजत होतो. तो म्हणाला, “काय पावनं, दगड घ्यायचा का काय?”

मी म्हटलं, लहानपणी इथं बसायचो.

त्यानं चष्मा पुसला. “कोन, आळ्याचा? धोंडाबाईचा? तू म्हंजी पिवळा सदरा?”

“मला नाव आहे.”

“आसंल की. बाजारात तुला पिवळा सदराच म्हनायचे. आमचा बाप हितंच बसायचा, मी त्याच्याबरूबर.” नाव पीरमहंमद. चहा सांगितला, मला दगडावरच बसवलं आणि म्हणाला, “मोठा मानूस दिसतोस. धोंडाबाईनं सांगितलंच आसंल सगळं.”

मी म्हटलं, “तुमच्या तोंडून सांगा.” खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही.

त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं, वहीच्या मागच्या पानावर. इथं नीट लिहितो.

“तुझी आई तरनी व्हती. बाहेरच्या मुलखातली, तोडीच्या टोळीतली आसावी, हातावर पाल्याचे चरे. तुला या दगडावर बसवलं. धोंडाबाई आन रखमाजी शेजारी खोंड घेऊन उभे. ती धोंडाबाईला म्हनली, ‘बाई, पोराकडं जरा बघा, आलेच.’ आन गेली. ती गेलीच. धोंडाबाईनं दिवस मावळंस्तवर तुला सोडलं न्हाई. बाजार उठला, हिचं खोंड तसंच. मंग पोलीस पाटील आला, कागद झाला, तुला पुन्याला धाडलं.”

“मग मी आळ्याला कसा आलो?”

“हिनं नवऱ्याचं डोकं खाल्लं वरीसभर. म्हनायची, आपल्या हातात दिलंय तिनं. उद्या ती आली तर हितंच हुडकंल. पुन्याला तिला कोन दारात उभं करील? पोरगं हितं दिसाया पायजे. रखमाजी दोनदा पुन्याला खेटं घालून आला, तवा तुला आनलं. मंग दर सोमवारी, त्याच दगडावर, त्याच सदऱ्यात. पोरं वाढत्यात, तोंड बदलतं. सदरा बदलून कसं चालंल? आई कशावरनं वळखंल?”

मी विचारलं, मी येणं बंद केलं त्यानंतर?

“ती यायची की. एकटी. तू फाडलेला सदरा शिवून मांडीवर घेऊन बसायची. आमी चेष्टा करायचो, बाई, सदरा इकायचा का? म्हनायची, ह्याचं गिऱ्हाईक ठरल्यालं हाय.”

“किती वर्षं?”

“मोजली न्हाईत राव. गुडघं गेलं तवा थांबली. चार-पाच वर्सं झाली. जाताना मला सांगून गेली, पिवळ्या सदऱ्याचं कुनी इचारलं तर पत्ता द्यायचा.” त्यानं गल्ल्याच्या डब्यातून प्लॅस्टिकच्या कागदात घडी घातलेली चिठ्ठी काढली. नूतनवहिनींचं अक्षर. माझं पूर्ण नाव. घोडेगाव, तहसील कचेरीसमोर, डाव्या हाताचं तिसरं टेबल, सकाळी दहा ते सहा, रविवारी बंद.

पत्ता बिनचूक आहे.

पीरमहंमद म्हणाले, “चहा गार झाला तुझा.”

गाडी चालवता आली नाही. ती तिथंच ठेवून आळेफाट्याच्या रस्त्याला चालत निघालो, बरंच पुढं गेल्यावर लक्षात आलं की मला गाडीकडेच परत यायचंय.

बुधवार, २२ जानेवारी

हर्षालीबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर, हे फारच सुंदर आहे. शेवटी दोन पानांचं टिपण जोडू. पण ‘विकाऊ’ला हात लावायचा नाही. ते वाचकाला पहिल्या पानापासून धरतं.”

मी म्हटलं, दस्तात चूक राहिली तर चूक दुरुस्ती लेख करतात. पण तोवर लोक मूळ दस्तावर व्यवहार करून मोकळे झालेले असतात. टिपणापर्यंत किती लोक पोचतात?

“सर, तुम्हाला तेव्हा जे वाटलं ते तुम्ही लिहिलंत. ते खोटं नाही.”

हे बरोबर आहे. हेच धोंडाबाईही म्हणाल्या होत्या. दिवसभर मी हेच धरून बसलोय आणि कुठंतरी मला बरंही वाटतंय, कारण, इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला ते प्रकरण सोडवत नाही. मी आयुष्यात याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. लोकांनी मला ‘मूळ कुठलं’ म्हणून मुलगी दिली नाही, पंगतीत आडनाव विचारलं, कचेरीत ‘आश्रमवाला’ म्हटलं. त्या सगळ्याला ते सतरा मिनिटांचं उत्तर होतं. दोघीजणी रडल्या.

आणि त्या बाईनं सूप खाली ठेवून सही कुठं करू विचारलं.

शनिवार, २५ जानेवारी

पाठवलं नाही. हर्षालीबाई तीनदा म्हणाल्या, “सर, आज नाही तर या हंगामात नाही. पुढं काय होईल सांगता येणार नाही.” मी म्हटलं, समजलं.

‘विकाऊ’ फाडलेलं नाही, त्यात खाडाखोडही केलेली नाही. दस्त खोटा नव्हता, अपुरा होता. ते दुसरं प्रकरण होईल. पहिलं धोंडाबाईंच्या सोमवारचं. त्यातली अर्धी माहिती अजून माझ्याकडे नाही. ती विचारावी लागेल, आणि मला माणसाला विचारायचं कसं ते फक्त वारसनोंदीपुरतं येतं.

संमतीपत्राचा कागद मागच्या बाजूला कोरा होता. त्यावर प्रश्न लिहिले. एकवीस.

सोमवार, २७ जानेवारी

सुभाषनं पिकअप काढली. नूतनवहिनी दारात उभ्या. “भावजी, त्यांना उचलायला चार मानसं लागत्यात आन तुमी बाजार दाखवाया निघालात.” पण खुर्चीवर टाकायची गोधडी त्यांनीच घडी करून दिली. मी “वहिनी, चिठ्ठीतलं अक्षर चांगलं आहे” म्हटलं. त्या म्हणाल्या, “सांगनारी बिनचूक सांगत व्हती.” अजून रागच आहे. असू दे.

दगडावर गोधडी टाकून मावशीला बसवलं. पीरमहंमद उठून उभे राहिले. “आल्या का धोंडाबाई? गिऱ्हाईक आलं न्हाई अजून.”

“यील,” मावशी म्हणाली.

तिच्या पिशवीत सदरा होता. मी पस्तीस वर्षांनी पाहिला. पट्ट्या तीनच बाजूंना. गळ्याला फिकट हिरव्या दोऱ्याची कडा, ओबडधोबड टाके. मावशी म्हणाली, “हे तिच्या हातचं. हे मी उसवलं न्हाई.”

मी प्रश्नांचा कागद काढला. पहिलाच प्रश्न विचारला, आई दिसायला कशी होती? मावशी बाजाराकडं बघत म्हणाली, “घाईत व्हती रं. मी खोंडाचा कासरा धरला व्हता. नीट बघितलं न्हाई.” मग, “तेवढंच राहिलं बग. नीट बघाया पायजे व्हतं.”

बाकीचे वीस विचारले नाहीत.

मग मी विचारलं, “मावशी, आता तरी आई म्हणू का?”

ती माझ्याकडं वळली. “म्हन की. घरी गेल्यावं म्हन.” मग आवाज उतरवून, “पर हितं नगं. हितं ती आली तर?”

ऊन चढलं होतं. तिचे ओठ सुकलेले दिसले. मी उठून म्हटलं, “चहा आणतो. आलोच.”

शब्द तोंडातून गेला आणि तिनं माझी बाही धरली. गुडघे गेलेत, पण हातात जोर आहे. मी तसाच उभा राहिलो. मग तिची बोटं एकेक करून सुटली आणि तिनं सदरा मांडीवर नीट पसरला.

टपरी अठ्ठावीस पावलांवर आहे. गर्दी होती, एक बैल मध्ये आडवा लावलेला. मी चार वेळा वळून पाहिलं. चारही वेळा ती माझ्याकडंच बघत होती. दोन चहा घेतले, एक सांडला, परत भरून घेतला.

“आलास व्हय,” ती म्हणाली.

नोंद: सांगून गेलो आणि परत आलो. लागलेला वेळ नऊ मिनिटं. मिळाल्याचे ठिकाण: बेल्हे, आठवडे बाजार, गेटाच्या उजव्या हाताचा दगड.